स्टेंट एका जागी, आजार सगळ्या अंगात

(निपाणी येथे एका वैद्यकीय व्यावसायिकाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार.

सुरुवात एका रुग्णापासून करतो. नाव सांगणार नाही, गावही नाही. वय ४४, घरचा ट्रॅक्टर, ऊस वाहतुकीचं काम. गळीत हंगामात कारखान्यासमोर रांगेत उभा असताना छातीत दाबल्यासारखं झालं, घामानं शर्ट भिजला. सोबतची पोरं शहाणी. सोडा-लिंबू पाजत बसली नाहीत, सरळ गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बंद वाहिनी फुग्यानं उघडली, ती उघडी ठेवणारी जाळीची नळी म्हणजे स्टेंट बसला, चौथ्या दिवशी माणूस घरी.

पाच महिन्यांनी तो माझ्याकडे आला, तो खोकल्यासाठी. मी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? म्हणाला, "आता कशाला ओ डॉक्टर? ब्लॉक काढलाय की. स्प्रिंग बसवलीया."

सगळ्या गोळ्या त्यानं दोन महिन्यांत बंद केल्या होत्या. रागावण्याआधी मी त्याची फाईल मागितली. कागद इंग्रजीत. घरी सोडताना सांगितलं ते कन्नडमध्ये, घाईघाईनं. त्याला कन्नड येतं, पण बाजारापुरतं. आजारापुरतं येत नाही. कुठली गोळी कशासाठी, किती दिवस, हे त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या सीमाभागात अशा फायली घरोघरी आहेत, आणि मला त्याचा फार त्रास होतो. म्हणून आज हा विषय घेतला.

मला सांगायचं आहे ते एवढंच : स्टेंट एका जागी बसतो, आजार सगळ्या अंगात असतो.

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं ते नळात गाळ साचल्याचं. गाळ काढला, पाणी सुरू, काम संपलं. प्रत्यक्षात कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत जाऊन बसतं. तिथं सूज येते, वर पातळ पापुद्रा धरतो, एखाद्या गळवासारखं. हे गळू एक दिवस फुटतं, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद होते. हाच हार्ट अटॅक. लक्षात घ्या, फुटणारं गळू मोठंच असतं असं नाही. काल ३०-४० टक्के दिसलेला ब्लॉकही आज फुटू शकतो. ज्याच्या एका वाहिनीत असं गळू आहे, त्याच्या बाकीच्या वाहिन्यांतही ती असतात. स्टेंटनं फक्त फुटलेल्या जागेचा बंदोबस्त केला. झटका आलेल्या माणसाचा जीव त्यानं वाचतो, यात शंका नाही. बाकीच्या गळवांना पिकू द्यायचं नसेल तर ती पिकतात कशामुळं, ते बघायला हवं. त्यासाठी हृदय सोडून जरा पोटाकडे येऊ.

आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे. जानेवारीत कारखान्याच्या गेटसमोर ट्रॉल्यांची रांग असते, ती डोळ्यांपुढे आणा. ट्रॉलीतला ऊस म्हणजे रक्तातली साखर. कारखाना म्हणजे तुमचे स्नायू : मांड्या, पोटऱ्या, दंड. जेवणानंतरच्या साखरेचा मोठा वाटा तिथंच गाळला जातो. गेटवरचा माणूस म्हणजे इन्सुलिन. त्यानं हाक दिली की गेट उघडतं, ट्रॉली आत जाते. आता माणूस दिवसभर खुर्चीत, नाहीतर ट्रॅक्टरच्या सीटवर बसून आहे. कारखाना मंद, आतलं यार्ड भरलेलं, गेट उघडेना. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. एकाच्या जागी तीन माणसं ओरडायला लागतात, तेव्हा कुठं रांग सरकते. आणि तुम्ही साखर तपासली, तर रिपोर्ट नॉर्मल! हा आरडाओरडा वर्षानुवर्षं चालतो आणि तपासणीत दिसत नाही. एक दिवस ओरडणारे दमतात, साखर वाढते, आपण म्हणतो "शुगर लागली". ती लागली बऱ्याच आधी, कळली आत्ता.

दरम्यान जादा उसाचं काय होतं? यकृत त्याची चरबी करतं. सोनोग्राफीच्या कागदावर "फॅटी लिव्हर" असं लिहिलेलं असतं आणि "सगळ्यांनाच असतंय" म्हणून तो कागद कपाटात जातो. ते यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबी सोडतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल खाली येतं, वाईट कोलेस्टेरॉलचे, म्हणजे एलडीएलचे, कण बारीक आणि जास्त घातक होतात. वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं, त्यानं बीपी वाढायला हातभार लागतो. म्हणजे बीपी, साखर, चरबी आणि पोट ही चार वेगळी दुखणी नव्हेत, एकाच घरातली भावंडं आहेत. जेराल्ड रीव्हन या अमेरिकी डॉक्टरांनी १९८८ साली यातलं बीपी, साखर आणि चरबी एकत्र मांडलं; पोट त्यात नंतर धरलं गेलं. आज त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, मराठीत चयापचयाचा बिघाड.

तो ओळखायला फार खर्च नाही. शिंप्याची फीत घ्या. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०; तिथून पुढं धोका. पँटची साइज सांगू नका, पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली घालतो. बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषात ४० च्या आणि बाईत ५० च्या खाली. या पाचांतल्या तीन गोष्टी जुळल्या की बिघाड आहे असं धरायचं. माझ्या ट्रॅक्टरवाल्याच्या चार जुळत होत्या. झटका येईपर्यंत त्याची एकही तपासणी झालेली नव्हती.

इथं कुणीतरी म्हणेल, मी तर बारीक आहे. त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेजारी शेजारी बसलेले दोन डॉक्टर. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. अगदी सारखा. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के! वजनकाट्यावर दोघं सारखे, आतून वेगळे. आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडचं साडेतीन किलोचं. वजन कमी असूनही आपल्या बाळानं चरबी जपलेली, तुटवडा होता तो स्नायूंचा. म्हणजे कारखाना जन्मापासूनच लहान, आणि आता त्याच्यापुढं ट्रॉल्या मात्र दुप्पट. आजोबा तीन भाकऱ्या खाऊन दिवसभर नांगर धरायचे. नातू तेवढंच खातो, वर चहा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम साखर, आणि त्यात सणावाराची कुंदा, करदंट ही मिठाई धरलेलीच नाही.

५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात, २००४ साली, दिसलं की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. कारणं तीच, जगभरची. आपल्याकडे ती लवकर गोळा होतात, एवढंच.

निपाणीत बोलतोय, तर तंबाखूवर बोललंच पाहिजे. १९८१ साली याच हमरस्त्यावर तंबाखू उत्पादक भावासाठी ठाण मांडून बसले, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली, आणि त्यात शेतकऱ्यांचे जीव गेले. या पिकावर इथं घरं उभी राहिली, मुली शिकल्या. मी पिकाबद्दल बोलत नाही, अंगात जाते त्या तंबाखूबद्दल बोलतोय. "मी सिगारेट ओढत नाही, बिडीच" किंवा "ओढत नाही, नुसती मळतो" हे मी रोज ऐकतो. त्याच 'इंटरहार्ट' अभ्यासात बिडीनं आणि चघळण्याच्या तंबाखूनंही झटक्याचा धोका दुपटीच्या वर गेलेला दिसला. आधी सांगितलेल्या बिघाडात हे मिसळलं की गळू फुटायला वेळ लागत नाही.

आणि बिड्या वळणाऱ्या माझ्या आया-बहिणी. मांडीवर सूप घेऊन आठ-आठ तास बसून काम, जेवणाच्या जागी चहा-चपाती. त्यांची कंबर कुणी मोजत नाही, बीपी फक्त बाळंतपणात बघितलेलं. पाळी जाईपर्यंत बाईला निसर्गाचं थोडं संरक्षण असतं. मधुमेह ते काढून घेतो. बाईचा झटका नेहमी छातीत कळ घेऊन येतो असंही नाही. दम लागतो, जबडा दुखतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. ती म्हणते "पित्त झालंय", घरचेही म्हणतात पित्त झालंय, आणि रात्र जाते.

आता औषधं. १९७० च्या दशकात अकिरा एंडो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं सहा हजारांच्या वर बुरशी तपासल्या आणि क्योटोच्या धान्यदुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत कोलेस्टेरॉल अडवणारं द्रव्य सापडवलं. त्यातून स्टॅटिन आली. १९९४ साली ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला : स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. ही गोळी गळवावरचा पापुद्रा घट्ट करते. झटका येऊन गेलेल्याचं एलडीएल ७० च्या खाली हवं, आता बरेच तज्ज्ञ ५५ म्हणतात. आकडा खाली आला म्हणून गोळी सोडायची नाही. तो गोळीनंच खाली धरलाय, सोडली की महिन्याभरात वर. अंग दुखायला लागलं तर डॉक्टरला सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते. रक्ताची गाठ रोखणाऱ्या दोन गोळ्या स्टेंटनंतर सहसा वर्षभर, पुढं त्यातली एक कायम. या मनानं बंद केल्या तर नव्या स्टेंटमध्येच गाठ धरू शकते. माझा ट्रॅक्टरवाला तीन महिने नशिबावर जगला.

मधुमेहाच्या गोळ्यांतही मोठा बदल झालाय. पूर्वी आम्ही फक्त साखरेचा आकडा बघायचो. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनचा अभ्यास आला. ही गोळी जादा साखर लघवीवाटे काढते. हृदयविकार असलेल्या मधुमेहींत तिनं हृदयाच्या कारणानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले. म्हणून शुगरच्या डॉक्टरला हृदयाचं आणि हृदयाच्या डॉक्टरला शुगरचं सांगत चला. सरसकट सगळ्यांना चालेल अशी कुठलीच गोळी नसते. शेजाऱ्याची बघून घेऊ नका.

झटका नसताना, नुसतं चालताना छाती भरते म्हणून घाईनं स्टेंट बसवावा का, हेही विचारतात. २०१९ साली पाच हजारांवर रुग्णांच्या 'इस्केमिया' अभ्यासात, स्थिर आजार असलेल्यांत, आधी स्टेंट-बायपास केलेले आणि आधी औषधांवर ठेवलेले यांच्यात मृत्यू किंवा झटक्याचा फरक दिसला नाही. दुखणं मात्र स्टेंटनं जास्त कमी झालं. जमीन गहाण ठेवण्याआधी हा प्रश्न डॉक्टरला मोकळेपणानं विचारा. डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा असेल तर गोष्ट वेगळी.

झटका आल्यावर मात्र विचारत बसायचं नाही. छातीत दाब, घाम, डावा हात जड. पंधरा मिनिटं गॅसची गोळी घेऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा. गाडी स्वतः चालवत जाऊ नका. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खा. कोल्हापूर की बेळगाव, यावर घरात चर्चा सुरू होते आणि तेवढ्यात हृदयाचा स्नायू मरत असतो. आधी जवळ जिथं ईसीजी निघतो तिथं जा. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ साली ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेले. त्यांच्या नावानं कर्नाटक सरकारनं हृदयज्योती योजना काढली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायचा, मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञानं तो तिथून बघायचा आणि गाठ विरघळवणारं महागडं टेनेक्टेप्लेस इंजेक्शन तिथंच मोफत द्यायचं, अशी ती रचना आहे. आपल्या दवाखान्यात ती सोय आहे का, हे उद्याच जाऊन विचारून ठेवा.

त्या ट्रॅक्टरवाल्याच्या फाईलच्या पाठीमागे मी मराठीत लिहून दिलं : ही रक्त पातळ ठेवायची, ही चरबीची, ही बीपीची, ही शुगरची, सकाळी कुठली, रात्री कुठली. जेवण झालं की अर्धा तास बांधावरून चालायचं, म्हणजे कारखाना चालू. त्याच्या बायकोनं तो कागद देवघराच्या भिंतीला चिकटवलाय. वर्षभरात कंबर सहा सेंटिमीटर उतरली.

आज मी शिंप्याची फीत आणि बीपीचं यंत्र आणलंय. बाहेर टेबलावर बसतो. ज्यांनी फायली आणल्या असतील त्यांनी घेऊन या, काय लिहिलंय ते मराठीत वाचून देतो. बायकांनी आधी या.