चिंची चेटकीण ज्यांनी लिहिली: रत्नाकर मतकरी

(पडद्यावर: दादर, शिवाजी मंदिर. बालनाट्याच्या प्रयोगाआधीची गर्दी, आईबाबांना हाताला धरून आत ओढणारी मुलं)

मराठीत गूढकथा म्हटलं की पहिलं नाव रत्नाकर मतकरींचं येतं, यावर फारसा वाद होणार नाही. त्यांची 'खेकडा' रात्री एकट्याने वाचली आणि मग पाणी प्यायला किचनमध्ये जायचा धीर झाला नाही असं सांगणारं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. आणि याच माणसाने मराठी मुलांना चिंची चेटकीण दिली, निम्मा शिम्मा राक्षस दिला, ज्यांना बघून मुलं आधी आईच्या कुशीत शिरतात आणि पुढच्या मिनिटाला खुर्चीवर उभी राहून ओरडायला लागतात.

लोक म्हणतात मतकरी दोन होते, एक मोठ्यांचे एक छोट्यांचे. मला हे पटत नाही. भीती कुठे ताणायची, कुठे सोडायची हे ज्याला नेमकं कळतं तोच मुलांसाठी खरा राक्षस लिहू शकतो. मोठ्यांच्या कथेत ते शेवटच्या ओळीपर्यंत सुटका देत नाहीत, मुलांच्या नाटकात मात्र अगदी योग्य क्षणी ती भीती फुग्यासारखी फट्कन फोडतात आणि अख्खं थिएटर हसतं. हात एकच आहे, मुलांसाठी लिहिताना तो हलका पडत नाही एवढंच, आणि हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

(पडद्यावर: जुन्या मुंबईचे फोटो, आकाशवाणीचा जुना मायक्रोफोन)

जन्म मुंबईतला, १७ नोव्हेंबर १९३८. पहिली एकांकिका 'वेडी माणसं', १९५५ मध्ये आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली तेव्हा वय सोळा-सतरा, म्हणजे आपल्याकडे ज्या वयात पोरं अकरावीच्या ॲडमिशनच्या टेन्शनमध्ये असतात त्या वयात यांचं नाव रेडिओवर. मग मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी आणि १९५८ पासून बँक ऑफ इंडियात नोकरी. चारचौघांसारखं मध्यमवर्गीय आयुष्य सुरू झालं म्हणायचं.

पण पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, सुधा करमरकर यांनी लिटल थिएटर सुरू केलं. सुधाताई अमेरिकेत बालरंगभूमी शिकून आलेल्या होत्या आणि तिथे मुलांची नाटकं किती सीरियसली करतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे तोपर्यंत मुलांचं नाटक म्हणजे बहुतेक करून शाळेच्या गॅदरिंगमधलं, पुठ्ठ्याचा मुकुट, पाठ केलेली वाक्यं आणि शेवटी बाईंनी घातलेलं तात्पर्य. सुधाताईंना हवं होतं खरं थिएटर, मोठे कसलेले नट, झगमगीत कपडे, खरा सेट, ट्रिकसीन, गाणी, सगळं. आणि त्यासाठी पहिलं नाटक कुणाचं घेतलं, तर या विशीतल्या बँकेतल्या मुलाचं. 'मधुमंजिरी'. त्यातली चेटकीण स्वतः सुधाताईंनी केली. मराठी बालरंगभूमीचा इतिहास सांगताना लोक इथूनच सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे.

१९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची संस्था काढली, नाव साधं सरळ, 'बालनाट्य'. सोबत प्रतिभाताई, म्हणजे प्रतिभा मतकरी, त्या स्वतः अभिनेत्री, आणि ही संस्था या दोघांनी तब्बल ३० वर्षं चालवली. लिहायचं यांनी, बसवायचं यांनी, चित्रकलाही कुठे न शिकता हातात होती. लहान मुलांच्या नाटकाचं तिकीट फार लावता येत नाही, सेट कपडे मात्र मोठ्यांच्या नाटकापेक्षा जास्त लागतात, आणि प्रेक्षक मुख्यतः दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत. हे गणित घेऊन कुणी ३० वर्षं टिकतो म्हणजे त्याला ते किती करायचंय ते बघा.

(पडद्यावर: 'अलबत्या गलबत्या'चे प्रयोगातले फोटो)

'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस', 'राक्षसराज झिंदाबाद', 'अचाटगावची अफाट मावशी'. ही नावं घरात मोठ्याने म्हणून बघा, चार वर्षांचं पोरगं लगेच मागोमाग म्हणायला लागतं, नाटक सुरू व्हायच्या आधीच त्याच्या जिभेला काम मिळालेलं असतं. मतकरींना मुलांचा कान कळत होता.

आणि चिंची. 'अलबत्या गलबत्या'तल्या या चिंची चेटकिणीचं काम मूळ नाटकात केलं दिलीप प्रभावळकरांनी, पुरुषाने केलेली चेटकीण! आज आपण ज्यांना एवढा मोठा नट म्हणून ओळखतो त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतली ही भूमिका, आणि ती केली मुलांसमोर, जिथे प्रेक्षक कंटाळला तर शिष्टाचार म्हणून गप्प बसून राहत नाही, सरळ उठून पळापळी सुरू करतो. ज्या नटाने सुट्टीतलं हाऊसफुल बालनाट्य पेललं त्याला पुढे कुठल्या प्रेक्षकाची भीती वाटणार? चिंची दुष्ट आहे, पण स्वतःवर जाम खूश आहे, आणि मुलांना ती मनातून आवडते, हीच तर लेखकाची करामत. नीट वागा नाहीतर चेटकीण येईल असलं काही ते नाटक कधीच सांगत नाही. मुलांना शिकवण्यासाठी गोष्ट सांगायची ही आपल्याकडची जुनी खोड, मतकरींनी ती लावून घेतली नाही यासाठी मी तरी त्यांचा कायम ऋणी आहे.

हे सगळं बँकेची नोकरी सांभाळून चालू होतं हे विसरू नका, 'आरण्यक' सारखं महाभारतावरचं भारदस्त नाटक १९७४ मध्ये आलं तेव्हाही ते नोकरीतच होते. १९७८ मध्ये, २० वर्षं झाल्यावर, नोकरी सोडली. वय चाळिशीला टेकलेलं, संसार मागे, आणि त्या काळात बँकेची नोकरी सोडतो असं कुणी म्हटलं तर मुंबईतल्या मराठी घरात काय झालं असतं याची कल्पना तुम्हीच करा.

त्याच सुमाराचं 'लोककथा ७८', गावातल्या दलितांवरच्या अत्याचारावरचं नाटक. नर्मदा बचाव आंदोलनातही ते उभे राहिले. आणि सत्तरी ओलांडल्यावर स्वतःच्या कथेवर 'इन्व्हेस्टमेंट' हा सिनेमा दिग्दर्शित केला, त्याला २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा बघा जमलं तर. त्यातही एक मुलगाच आहे, आणि त्याच्यावर पैसा लावल्यासारखे वाढवणारे आईबाप. जो माणूस आयुष्यभर मुलांना प्रेक्षक म्हणून मान देत आला त्याला हा सिनेमा करताना किती राग आला असेल ते फ्रेमफ्रेममध्ये जाणवतं.

पुरस्कार बरेच, संगीत नाटक अकादमीचा २००३ मध्ये, आणि साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१८ मध्ये.

(पडद्यावर: २०१८, शिवाजी मंदिरबाहेर 'हाऊसफुल'चा बोर्ड)

त्याच २०१८ मध्ये 'अलबत्या गलबत्या' नव्याने रंगमंचावर आलं, दिग्दर्शक चिन्मय मांडलेकर, आणि चिंची झाले वैभव मांगले. एका दिवसात ५ प्रयोग झाले शिवाजी मंदिरला, आणि गर्दी अशी की आजी-आजोबा नातवंडांना सांगतायत आम्ही हे लहानपणी पाहिलंय, नातवंडं म्हणतायत गप्प बसा चेटकीण आली. मोबाईलवर वाढलेली पिढी नाटकाला बसणार नाही असं सगळे म्हणत होते ना? तीच मुलं दोन-अडीच तास जागची हलली नाहीत आणि ते सुद्धा कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेल्या संहितेपुढे. लेखकाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, याचा मला फार आनंद आहे.

मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, कोरोनाने ते गेले, मुंबईतच. वय ८१. थिएटरं सगळी बंद होती.

एक काम मात्र टीव्हीवरच्या श्रद्धांजल्यांमध्ये फारसं आलं नाही आणि मला ते इथे सांगायचंच आहे. ज्या मुलांना तिकीट काढून शिवाजी मंदिरला जाता येत नाही त्यांचं काय हा प्रश्न मतकरींनी सोडला नाही, झोपडपट्टीतल्या मुलांबरोबर ते आधीपासून काम करतच होते, आणि उतारवयात ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथे वस्त्यांमधली मुलं दुसऱ्याने लिहून दिलेलं पाठ करत नाहीत, स्वतःच्या वस्तीतले, स्वतःच्या घरातले विषय घेतात, स्वतः रचतात आणि स्वतः उभं राहून करतात. पुठ्ठ्याच्या मुकुटातल्या मुलांना घासूनपुसून दिलेली वाक्यं म्हणायला लावणाऱ्या काळात ज्यांनी लिहायला घेतलं होतं, त्यांनी शेवटी लिहिणंच मुलांच्या हातात दिलं.