रंगाआधी साल ठरवा

नमस्कार श्रोतेहो. चतुर्थी जवळ आली की कोकणात घरोघरी मखराचं बोलणं सुरू होतं आणि वाडीत एखाद्या घरी तरी देखाव्यात कोकण रेल्वे धावतेच. बोगदा, पूल, हिरवे डोंगर आणि मधून पळणारी छोटी गाडी. आज त्या छोट्या गाडीबद्दलच बोलायचंय. तिचा रंग, डब्यावरचा नंबर, शेवटच्या डब्यावरच्या खुणा.

पहिलं सांगणं एकच. साल ठरवा. रंगाचा डबा उघडण्याआधी आपण कोणत्या सालातली गाडी करतोय, ते ठरवा.

कोकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग 26 जानेवारी 1998 ला खुला झाला. त्या वेळची गाडी करायची, तर रुळांवर विजेची तार नको आणि खांबही नकोत. संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण पुरं झालं ते 2022 मध्ये. म्हणून 1998 च्या गाडीला पुढे डिझेल इंजिन, मागे आयसीएफचे, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या घडणीचे डबे. हे डबे आधी गेरूच्या रंगाचे असत, नव्वदच्या दशकात निळे होऊ लागले. या निळ्या रंगालाही काम होतं. पोकळीवर चालणारे व्हॅक्यूम ब्रेक जाऊन दाबलेल्या हवेवर चालणारे एअर ब्रेक येत होते आणि एअर ब्रेकचा डबा निळ्यावरून लांबूनच ओळखू येई.

आता आपली कोकणकन्या एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन घडणीच्या डब्यांची झाली आहे. पण आयसीएफच्या सांगाड्याला नुसता लाल-करडा रंग फासून एलएचबी होत नाही. आयसीएफचा डबा साधारण 21.3 मीटर, एलएचबीचा 23.5 मीटर. 1:87 या मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं मॉडेल केलं तर, पहिला साडेचोवीस सेंटिमीटर, दुसरा सत्तावीस. शिवाय आयसीएफला दोन्ही टोकांना धक्का झेलणारे बफर असतात, एलएचबीला नसतात. मापाचं निघालंय म्हणून सांगतो. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे, म्हणजे या मापात तो जवळजवळ 74 सेंटिमीटर उंच उभा राहील. जवळजवळ टेबलाएवढा उंच! करून बघाच कुणीतरी.

आता जो किस्सा सांगायला मी आलोय, तो सांगतो.

कुडाळजवळच्या एका वाडीत एका कॉलेजातल्या मुलाने देखाव्यात 1998 ची गाडी केली होती. सगळं पुठ्ठ्याचं, थर्माकोलचा एक तुकडा नाही. थर्माकोलवर बंदी आली ते फार बरं झालं, असं माझं ठाम मत आहे. पुठ्ठ्याला हात लावला की मुलं मोजायला शिकतात, कापायला शिकतात. तर डबे निळे, खिडक्यांना गज, चाकांच्या वर जांभ्याची तांबूस धूळ चढलेली. ती धूळ त्याने खरी अंगणातली माती वस्त्रगाळ करून, ब्रशने टेकवून टेकवून बसवली होती. चाकांच्या कडा मात्र चकचकीत ठेवल्या होत्या, कारण रुळावर घासून त्या तशाच राहतात. बघणारा बघत राहील असं काम.

दर्शनाला शेजारचे गार्डकाका आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण वाडीत ते गार्डकाकाच. हात जोडले, प्रसाद घेतला आणि खाली बसून गाडी बघायला लागले. गाडी बोगद्यातून आली, समोरून गेली, पुन्हा बोगद्यात शिरली. काकांनी हात वर केला.

"रे झिला, अर्धी गाडी खंय रवली?"

मुलगा गोंधळला. "अख्खी तर आसा, काकानू."

"एल व्ही खंय आसा?"

श्रोतेहो, गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते आणि एक छोटी पिवळी पाटी टांगतात. तिच्यावर काळ्या अक्षरात एल व्ही. म्हणजे हा शेवटचा डबा. रात्री तिथे लाल दिवा असतो. स्टेशनातून गाडी जाताना स्टेशनवरचा माणूस शेवटच्या डब्याकडेच बघत असतो. ती पाटी किंवा दिवा दिसला, तरच गाडी पुरी आली. नाही दिसला, तर डबे तुटून मागे राहिले असतील असं धरायचं आणि मागून दुसरी गाडी सोडायची नाही. एवढ्याशा पाटीवर मागच्या गाडीतल्या सगळ्यांचे जीव. पुन्हा सांगतो, पाटी दिसली तरच गाडी पुरी.

काकांनी मग चष्मा पुसून डब्यावरचा नंबर वाचला. 14452, आणि शेजारी लिहिलेलं स्लीपर.

"ह्यो डबो 2014 चो. 1998 च्या गाडयेक लागलो कसो?"

पाच आकडी नंबरातले पहिले दोन आकडे डबा बांधल्याचं साल सांगतात, पुढचे तीन प्रकार सांगतात. 201 ते 400 स्लीपर, 401 ते 600 जनरल. म्हणजे हा डबा जन्माला येण्याच्या सोळा वर्षं आधी धावत होता, आणि वर जनरलचा असून स्लीपर म्हणवत होता.

मुलगा हिरमुसला नाही. त्याने तिथेच पाट मांडला, काका सांगत गेले आणि तो बारीक ब्रशने लिहीत गेला. 95237. मग 96241. आरतीची वेळ झाली तरी दोघं उठेनात. पाटीसाठी काकांनी पेढ्यांच्या खोक्याचा कोपरा कापला, नखाएवढा, हळदीच्या पिवळ्याने रंगवला आणि अक्षरं स्वतः काढली. दोऱ्याने ती शेवटच्या डब्याला टांगली, तेव्हा कुठे गाडी सोडायला परवानगी दिली.

माझं म्हणणं इतकंच की खर्चाच्या गोष्टीत सूट घ्यावी. बाजारात मिळणारा रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचा असतो, आपला 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज या मापात सव्वाएकोणीसच्या वर जातो. तो फरक सोडून द्या, घरी रूळ ओतणार कोण? पण नंबर, फुली आणि पाटी फुकट आहेत. त्यात चूक नको.

आणि एक काम कराच. घरच्या अल्बममध्ये नव्वदच्या दशकातले स्टेशनवरचे फोटो असतील, चाकरमान्यांना पोचवायला गेलेले, नवऱ्यामुलीला निरोप देतानाचे. त्यांच्या मागे डब्याची कड दिसते का बघा. दिसली तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने साल आणि स्टेशन लिहून ठेवा. साल आठवणारी माणसं घरात आहेत तोवरच लिहा, या चतुर्थीला सगळे जमतील तेव्हाच विचारून घ्या. नमस्कार.