सुटलेली ओळ

(दृश्य : ओट्यावर कोवळं ऊन. वर्तमानपत्राची घडी उलगडणारे हात.)

सकाळचे सात. पेपर आला की बाबा आधी तो नाकाशी नेतात, शाईचा वास घेतात, मग वाचायला बसतात. उभं आयुष्य छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेलं त्यांचं. उलटी अक्षरं सरळ वाचणारा माणूस. आता सरळ छापलेली बातमी वाचताना तिसऱ्या ओळीवरून एकदम पाचवीवर जातात आणि थबकतात. “मधलं काहीतरी राहिलं रे.”

बाबांना काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत.

दवाखान्यातल्या तक्त्यावरची अगदी खालची अक्षरं ते अजून वाचून दाखवतात. त्यामुळे आम्हाला वाटायचं, दिसतंय की सगळं! पण काचबिंदूत बहुधा आधी कडेची नजर जाते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचे तंतू एकेक करून मरतात. बऱ्याचदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे, तर कधी दाब नेहमीइतका असूनही. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून फार उशिरा कळतं. मोतीबिंदू काढला की नजर येते, तसं इथे होत नाही. थेंब, लेझर, शस्त्रक्रिया हे सगळं उरलेली नजर राखण्यासाठी.

(दृश्य : छापील ओळीवर सरकणारं बोट, अगदी जवळून.)

आपण वाचतो तेव्हा डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, उड्या मारत जातो. पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते त्याला कडेची नजर सांगते. ओळ संपली की डावीकडे लांब उडी, पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. कडेची नजर अधू झाली की नेमकी ही उडी चुकते. त्यात पेपरचा कागद करडा, शाई फिकी, आणि आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर अनुस्वार, खाली उकार. एक टिंब निसटलं की ‘वंश’चा ‘वश’ होतो. एक उकार निसटला की ‘गुण’चा ‘गण’.

मी काय केलं? भलंमोठं भिंग आणलं. बाबांनी दोन दिवस ते धरून पाहिलं आणि खणात ठेवून दिलं. चूक माझी होती. कडेची नजर गेलेला माणूस जणू पुंगळीतून बघतो. अक्षर जितकं मोठं कराल, तितकी कमी अक्षरं त्याला एका वेळी दिसतात. शब्द तुटतो, ओळ तर हरवतेच. भिंग कोणाला उपयोगी पडतं, कोणाला नाही. किती मोठं लागेल ते अल्पदृष्टी तपासणीत मोजून घ्यावं लागतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

खरी मदत झाली ती काळ्या पुठ्ठ्याची.

(दृश्य : नात कात्रीने पुठ्ठ्यात आडवी खाच कापते आहे.)

पोस्टकार्डापेक्षा थोडा लांब, चकाकी नसलेला काळा पुठ्ठा. मधे एक ओळ मावेल एवढी खाच. पानावर ठेवला की दिसते ती तेवढीच ओळ. आजूबाजूचा पांढरा झगझगाट झाकला जातो. वाचून झालं की पुठ्ठा खाली ओढायचा. छापखान्यात दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून जागा सोडायचे, ते बाबांना लगेच आठवलं. “ओळीला श्वास मिळतो,” म्हणाले.

मग खुर्ची फिरवली. पूर्वी ते खिडकीकडे तोंड करून बसत. आता खिडकी पाठीशी आणि वाकवता येणारा दिवा खांद्यामागून. उजेड डोळ्यांत नाही, कागदावर. रात्रीच्या थेंबांच्या बाटलीला रबरबँड गुंडाळलं, म्हणजे लेबल वाचायलाच नको.

लांबलचक मजकुरासाठी मोबाइल. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि डोळे थकले की तोच फोन वाचून दाखवतो. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी भारतात 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. अशी पुस्तकं देशोदेशी पोचावीत म्हणून 2013 साली माराकेश करार झाला. त्याला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. आमच्यासारख्या किती घरांत हे कुणी सांगितलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि एक. काचबिंदू असलेल्याच्या मुलांना, भावंडांना धोका जास्त असतो. मीही आता तपासून घेतो.

(दृश्य : पुन्हा ओटा. पेपरवर काळा पुठ्ठा.)

पुठ्ठा तिसऱ्या ओळीवरून चौथीवर येतो. बाबा मोठ्याने वाचतात, एका शब्दापाशी थांबतात, मागे जाऊन तोच शब्द पुन्हा वाचतात.

“इथे ऊकार दीर्घ हवा. पेन्सिल दे.”