टाटाला नेलंय

(दृश्य: परळ, सकाळचे सात. पदपथ, फाटकापुढची गर्दी.)

महाराष्ट्रात कुठल्याही गावी ‘टाटाला नेलंय’ एवढंच म्हणतात. आजाराचं नाव मग कुणी विचारत नाही. हेच ते टाटा मेमोरियल, कर्करोगाचं रुग्णालय. काखेत फाईल, पायाशी पिशव्या, हातात कालच्या तपासण्यांचे कागद. रस्त्याला नाव आहे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं. घराणं गोव्यातल्या उसकईचं, हयात गेली ती इथल्या शस्त्रक्रियागृहात.

(जुनं छायाचित्र: लेडी मेहेरबाई टाटा, सर दोराबजी टाटांच्या पत्नी.)

गळ्यातला हिरा नीट बघा. ज्युबिली हिरा. वजन २४५ कॅरेट, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून जास्त. १९२४ साली जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात पगाराला पैसे उरले नव्हते, तेव्हा सर दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्यात हा हिराही होता. कारखाना तरला, हिरा सुटून घरी आला.

१९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, तेही परदेशात उपचार चालू असताना. तसे उपचार मुंबईत व्हावेत असं दोराबजींच्या मनात होतं, पण वर्षभरात तेही गेले. मालमत्ता त्यांनी आपल्या ट्रस्टला दिली होतीच. पुढे हिरा विकला, रक्कम ट्रस्टमध्ये जमा झाली आणि त्याच ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडलं. खाटा ८०. वर्षाचा खर्च ५ लाख रुपये.

(दृश्य: जुनी इमारत, मग शेजारचे उंच मजले.)

एका हिऱ्यावर रुग्णालय बांधता येतं, चालवता येत नाही. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये थेट अणुऊर्जा विभागाकडे. ऐकायला विचित्र वाटतं, पण किरणोपचार आणि अणुविज्ञान एका छताखाली हवेत हे होमी भाभांनी ओळखलं होतं. आजही इथले पगार, यंत्रं, औषधं यांचा मोठा भार याच विभागाच्या अनुदानावर आहे.

देणग्या येतात, मोठ्या येतात. २०२३ साली आयसीआयसीआय बँकेनं खारघर, पंजाबातलं मुल्लांपूर आणि विशाखापट्टणम इथल्या टाटाच्या नव्या इमारतींसाठी १,२०० कोटी रुपये जाहीर केले. चांगलंच आहे. पण देणगीदाराच्या नावाची पाटी इमारतीवर लागते, विजेच्या बिलावर कुणी लावून घेत नाही.

(दृश्य: खारघर. जाड भिंतींचा बोळ, मग गोल फिरणारं यंत्र.)

हे नवी मुंबईत खारघरला टाटाचंच संशोधन आणि उपचार केंद्र, अ‍ॅक्ट्रेक. भिंतीपलीकडे २२० टनांचा सायक्लोट्रॉन आहे, बेल्जियमच्या कंपनीनं बनवलेला. तो प्रोटॉनना, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या कणांना, प्रचंड वेग देतो. समोर फिरतेय ती गॅन्ट्री. हवा तो कोन साधून ती प्रोटॉनचा झोत रुग्णावर आणते. नेहमीचे क्ष-किरण आरपार जातात, गाठीच्या पलीकडच्या निरोगी भागालाही शेकतात. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा ठरलेल्या खोलीवर सोडतो आणि थांबतो. म्हणून लहान मुलांच्या मेंदूजवळच्या गाठींसाठी याचं मोल मोठं. ऑगस्ट २०२३ मध्ये इथे पहिल्या रुग्णावर उपचार झाले. चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात हे तंत्र चार वर्षं आधीच आलं होतं. सरकारी पैशातून उभं राहिलेलं हे देशातलं पहिलं.

(दृश्य: समाजसेवा विभागाची खिडकी.)

पिवळं की केशरी रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांचं खर्चाचं पत्र. महात्मा फुले योजना, मुख्यमंत्री निधी, पंतप्रधान निधी, मग एखादा ट्रस्ट. एकेका रुग्णाचा खर्च असा चार ठिकाणांहून जुळवतात.

गावाकडे या काळात शेतं गहाण पडतात, मुलांच्या शाळा सुटतात.

(दृश्य: दादर, संत गाडगे महाराज धर्मशाळा. संध्याकाळ.)

जेवणाची रांग लागली आहे. उद्या किमो असलेल्यांनी फाईल उशाशी घेतली आहे.

(निवेदन थांबते. फक्त ताटांचा आवाज.)