दुर्मिळ, तरी रस्त्यावर चालवायची : एएमएक्सची निवड

(दृश्य : लिलावाचा मंच. प्रखर उजेडात कापडी टपाची एक गाडी.)

जून २०१४. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या एका लिलावात १९७१ सालची प्लिमथ हेमी ‘कुडा’ ३५ लाख डॉलरला गेली. हेमी हे क्रायस्लरचं ताकदवान इंजिन आणि कापडी टप अशी जोडी त्या वर्षी जेमतेम ११ गाड्यांना मिळाली होती. एवढी किंमत मोजल्यावर मालकाने ती पावसात बाहेर काढायची कशी? सिग्नलला मागून कुणी ठोकली तर? अशी गाडी जपण्यासाठी घेतली जाते, आणि तिला जपणारे लोक आहेत हे चांगलंच आहे. पण आपला प्रश्न वेगळा आहे. मसल कार, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी घ्यायची, ती दुर्मिळ हवी, आणि रविवारी सकाळी किल्ली फिरवून शंभर किलोमीटर लांब नेता यायला हवी. अशी गाडी निवडायची कशी?

त्यासाठी आधी हे पाहावं लागतं की गाडी दुर्मिळ झाली कशामुळे. काही गाड्या महाग पर्यायांमुळे कमी बनल्या. साधं मॉडेल हजारोंनी विकलं गेलं, सर्वांत मोठं इंजिन मात्र मोजक्यांनी घेतलं. हेमी ‘कुडा’ त्यातली. दुसऱ्या प्रकारच्या गाड्या कमी बनल्या, कारण त्यांच्या काळात त्यांना गिऱ्हाईकच मिळालं नाही. आम्ही आज ज्या गाडीकडे तुम्हाला नेणार आहोत ती या दुसऱ्या प्रकारातली आहे. तिचं नाव एएमसी एएमएक्स.

(दृश्य : डेट्रॉइटचा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू, साठच्या दशकातली छायाचित्रं.)

थोडं मागे जाऊ. मसल कारचं युग साधारण १९६४ पासून मोजतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. त्यांनी वेगळं मॉडेल आणलंच नाही. टेम्पेस्ट गाडीवर घ्यायचा जादा पर्याय म्हणून ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन दिलं आणि त्या पर्यायाला नाव दिलं जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. मग फोर्ड, शेव्हर्ले, डॉज, प्लिमथ, ब्यूक, ओल्ड्समोबिल सगळेच या चढाओढीत उतरले. १९७० मध्ये शेव्हर्लेच्या ‘शेव्हेल एसएस’ या गाडीचं ४५४ घन इंचांचं इंजिन ४५० अश्वशक्तीपर्यंत पोहोचलं. त्यानंतर विम्याचे हप्ते भडकले, धुराचे कायदे कडक झाले, १९७३ मध्ये तेलाचा पुरवठा अडला आणि हा सगळा जोर ओसरला. जेमतेम दहा वर्षांचा हा काळ.

(दृश्य : विस्कॉन्सिनमधलं केनोशा, मिशिगन सरोवराचा काठ.)

या चढाओढीत अमेरिकन मोटर्स म्हणजे एएमसी हा सर्वांत छोटा भिडू. कारखाना केनोशाला, आणि ओळख रॅम्बलरसारख्या काटकसरी, घरगुती गाड्यांची. या कंपनीशी आपलाही एक धागा जुळतो. मुंबईत महिंद्रा कंपनी ज्या विलीज जीप बांधत होती, त्या जीपचा अमेरिकेतला व्यवसाय १९७० मध्ये एएमसीने विकत घेतला. ही जीप पुढे आपल्याला पार्टच्या शोधात कामाला येणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

एएमसीचे मुख्य डिझायनर रिचर्ड टीग. कमी पैशांत देखणं काम करून दाखवण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी फारसा कुणी नव्हता, असं मला मनापासून वाटतं. कंपनीची चार आसनी जॅव्हेलिन तयार होती. तिच्या चाकांमधलं अंतर टीग यांनी १०९ इंचांवरून ९७ वर आणलं. मागची सीट गेली आणि उरली दोन माणसांची, लांब बॉनेटची, आखूड शेपटीची गाडी. शेव्हर्ले कॉर्व्हेटपेक्षाही तिच्या चाकांमधलं अंतर एका इंचाने कमी. १९५७ च्या फोर्ड थंडरबर्डनंतर पोलादी पत्र्याची दोन आसनी अमेरिकन गाडी अशी हीच. फेब्रुवारी १९६८ मध्ये ती बाजारात आली, मूळ किंमत ३,२४५ डॉलर. त्याच सुमारास जमिनीवरच्या वेगाचे विक्रम करणारे क्रेग ब्रीडलव्ह आणि त्यांच्या पत्नी ली यांनी टेक्सासच्या चाचणी मार्गावर एएमएक्स पळवून १०६ विक्रम नोंदवले.

(दृश्य : एएमएक्सचा मागचा भाग, एका बाजूने हळू सरकत जाणारा कॅमेरा. बसका टप, रुंद मागचे खांब.)

एवढं असून ती चालली नाही. कुटुंबवाल्याला दोन सीट पुरत नव्हत्या, आणि तशाच चेहऱ्याची चार आसनी जॅव्हेलिन त्याच शोरूममध्ये कमी किमतीत उभी होती. १९६८ मध्ये ६,७२५, १९६९ मध्ये ८,२९३, १९७० मध्ये ४,११६ गाड्या बनल्या. तीन वर्षांत मिळून १९,१३४. एकट्या १९६८ सालात फोर्डने ३ लाख १७ हजारांवर मस्टँग बनवल्या होत्या, यावरून अंदाज यावा. १९७१ पासून एएमएक्स हे नाव जॅव्हेलिनच्याच एका प्रकाराला दिलं गेलं आणि दोन आसनी गाडी संपली.

नाकारली गेल्यामुळे ती दुर्मिळ झाली, आणि म्हणूनच आज चालवायला घेणाऱ्याच्या आवाक्यात उरली आहे. त्याच वर्षांच्या हेमीवाल्या गाडीच्या किमतीचा एक लहानसा हिस्सा पुरतो. रस्त्यावर नेताना जिवाला घोर लागत नाही, आणि जिथे थांबाल तिथे कुणी तरी येऊन विचारतं, ही कोणती गाडी?

(दृश्य : डॅशबोर्डवर काचेखालची चेसिस नंबरची पट्टी, अगदी जवळून.)

आता खऱ्या-खोट्याची पारख. मसल कारच्या बाजारात साध्या गाडीवर मोठं इंजिन, पट्टे आणि बिल्ले चढवून ‘अस्सल’ म्हणून विकणं जुनं आहे. १९७० ची शेव्हेल एसएस घ्या. एसएस हा तेव्हा पर्याय होता, त्यामुळे चेसिस नंबर वाचून ती एसएस आहे की साधी मॅलिबू, हे कळतच नाही. कारखान्याचा बांधणी-कागद सीटखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर सापडला तर नशीब. एएमएक्सचं तसं नाही. तिच्या नंबरात ३९ हा आकडा गाडीची मालिका सांगतो, आणि पुढे ‘एक्स’ अक्षर असेल तर कारखान्यातून ती ३९० घन इंचांचं इंजिन घेऊन निघाली. माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठं सुख आहे. कागद हरवले तरी गाडी स्वतः साक्ष देते. डॅशबोर्डवर एक क्रमांकाची पट्टीही दिसेल. ती असेल तर उत्तम, पण पुरावा म्हणून धरू नका. तो क्रमांक चेसिस नंबराच्या क्रमाशी जुळत नाही.

२९० आणि ३४३ घन इंचांची छोटी इंजिनंही १९६८-६९ मध्ये मिळत होती आणि त्यांत वाईट काही नाही. तरी मसल कार म्हणून घ्यायची तर ३९०. आपल्या हिशेबात ६.४ लिटर, सुरुवातीला ३१५ अश्वशक्ती, १९७० मध्ये ३२५. हे आकडे जुन्या पद्धतीने, इंजिन गाडीबाहेर ठेवून मोजलेले, म्हणून आजच्या गाडीशी थेट तुलना करू नये. पण ४२५ फूट-पाउंडांचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, आणि सुमारे १,४५० किलोची गाडी, हे गणित पायाला लगेच जाणवतं. बरोबर ‘गो पॅकेज’ असेल तर फारच उत्तम, कारण त्यात पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक येतात. चारही ड्रम ब्रेकवर हे इंजिन आजच्या वाहतुकीत चालवणं मला पटत नाही.

(दृश्य : गॅरेज. गाडी लिफ्टवर. मेकॅनिकच्या हातात टॉर्च.)

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पैशांचं बोलू नका. जुन्या शेव्हेल किंवा जीटीओला खाली वेगळी चौकट असते. एएमएक्सला ती नाही. इथे पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो, त्यामुळे गंज हा दिसण्यापुरता दोष राहत नाही. पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या चाकांवरच्या पत्र्याचा खालचा भाग, बॅटरीखालची जागा, आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा आत घेणारी पोकळी, हे सगळं बघा. पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर उभी असते, म्हणून बॉनेट उघडून स्प्रिंगच्या घराचे सांधे नीट तपासा. तिथे चीर असेल तर ती गाडी सोडून द्या. एक लोहचुंबक खिशात ठेवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे.

एएमएक्स घेताना एक उलटा नियम पाळावा लागतो, आणि या सगळ्या निवेदनातलं माझं सर्वांत कळकळीचं सांगणं हेच आहे. बंद इंजिनाची पण पूर्ण गाडी घ्या. चालू इंजिनाची अपुरी गाडी घेऊ नका. मस्टँगसाठी अख्खी गाडी उभी राहील एवढे नवे पार्ट आज बनतात. एएमएक्ससाठी तसं नाही. समोरची जाळी, मागचे दिवे, काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या, मागची आखूड काच, या गोष्टी नसतील तर त्या शोधण्यात वर्षं जातात. १९७० ची जाळी तर त्या एकाच वर्षापुरती होती. एएमसी १९८७ मध्ये क्रायस्लरच्या ताब्यात गेली, केनोशात गाड्यांची बांधणी पुढच्याच वर्षी थांबली. मागे पाठबळ द्यायला ती कंपनीच उरली नाही.

इंजिनाचं मात्र तसं नाही, आणि इथे जीप येते. याच घराण्यातलं ३६० घन इंचांचं व्ही-एट इंजिन १९९१ पर्यंत जीप ग्रँड वॅगोनिअरमध्ये बसत होतं. त्यामुळे इंजिनाच्या आतले पुष्कळसे पार्ट आजही मिळतात. बाकी बरंच काही एएमसीने बाहेरून घेतलेलं. चार गिअरचा बॉक्स बोर्ग-वॉर्नरचा टी-टेन, डिस्ट्रिब्यूटर डेल्कोचा, सुरुवातीच्या वर्षांत कार्ब्युरेटर कार्टरचा. कुठलाही जुना अमेरिकन मेकॅनिक हे डोळे मिटून उघडेल.

दोन खोडी मात्र तिच्या स्वतःच्या आहेत. तेलपंपाचं घर इंजिनाच्या पुढच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या कव्हरमध्येच आहे. ते आतून झिजलं की तेलाचा दाब उतरतो. म्हणून चाचणीच्या वेळी इंजिन पूर्ण तापू द्या, वीस मिनिटं फिरवा, आणि मग जागेवर चालू ठेवून दाबाचा काटा बघा. थंड इंजिनावरचा दाब काहीच सांगत नाही. विकणाऱ्याने तुम्ही येण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर थंड इंजिन कसं सुरू होतं ते पाहायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. दुसरी खोड मागच्या अ‍ॅक्सलची. त्याचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते भाग, शाफ्टपासून वेगळे, निमुळत्या टोकावर दाबून बसवलेले असतात. नट पुरेसा घट्ट नसेल तर जोर पडताच हब शाफ्टवर घसरून फिरतो. कुणी यावर एकसंध शाफ्ट बसवून घेतले असतील तर त्याला मूळपण गेलं म्हणून नावं ठेवू नका. चालवणाऱ्यासाठी ते चांगलं काम आहे.

(दृश्य : १९७० ची एएमएक्स, बॉनेटवरचं हवेचं तोंड.)

तिन्ही वर्षांत माझी निवड १९७० ची. पुढचं सस्पेन्शन त्या वर्षी नव्याने आखलं गेलं. वर-खाली बॉल जॉइंट म्हणजे गोल सांधे आले, आधीचं ट्रनियनचं, म्हणजे खिळीवर फिरणाऱ्या सांध्याचं, जुनं काम गेलं, आणि वळणावर गाडी सरळ बोलू लागली. इंजिनाच्या हेडचे धूर बाहेर टाकणारे मार्गही त्या वर्षी सुधारले. सर्वांत कमी बनलेली गाडी तीच, चालवायला सर्वांत बरी तीच. मिळायला अवघड, हे खरं. सगळ्या पट्ट्या-दिव्यांसकट पूर्ण असलेली १९६९ ची गाडी समोर आली, तर १९७० च्या हट्टापायी ती सोडू नका.

(दृश्य : रस्ता. तिसऱ्या गिअरमधला आवाज. निवेदन काही क्षण थांबतं.)

घरी आणल्यावर आधी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. इंजिनाला जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेल घाला, कारण इंजिनाच्या झडपा हलवणारे जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट आणि कॅमशाफ्ट एकमेकांवर घासतात आणि आजच्या साध्या तेलात त्यांचं रक्षण पुरेसं होत नाही. कॉम्प्रेशन १० च्या आसपास आहे, तेव्हा पेट्रोल वरच्या दर्जाचंच. टायरची नक्षी पाहू नका, बाजूवर छापलेली तारीख वाचा. विमा घेताना गाडीची किंमत आधी ठरवून ती कागदावर लिहून देणारी पॉलिसी घ्या, नाहीतर अपघातानंतर पन्नास वर्षं जुनी गाडी म्हणून हातावर किरकोळ रक्कम ठेवतात.

आणि मग चालवा. उभ्या गाडीची सीलं सुकतात, ब्रेकचे सिलिंडर अडकतात, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसतो. डेट्रॉइटच्या परिसरात वाहन उद्योगात काम करणारे कितीतरी मराठी अभियंते राहतात. त्यांच्या दारातूनच हा इतिहास जातो. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते, १९९५ पासून. तिथे मस्टँग आणि कमॅरोंच्या रांगांत एखादी एएमएक्स दिसली तर तिच्या मालकाशी जरूर बोला. कुठला पार्ट कोणाकडे पडून आहे, कुठल्या शेडमध्ये विकाऊ गाडी उभी आहे, ही माहिती आधी या माणसांना असते, जाहिरातीत ती फार उशिरा येते. फक्त नोव्हेंबरात रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की गाडी आत घ्या, बॅटरी काढा, टाकी भरून त्यात पेट्रोल टिकवणारं रसायन घाला, आणि वसंतातल्या पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत तिला बाहेर काढू नका.