हुमणी तुमच्याच वावरात का लागते? औषध विचारायच्या आधी ओल पाहा

राम राम राजेहो. हुमणीवर बोला, हुमणीवर बोला म्हणून एवढ्या कमेंट आल्या की आज दुसरा विषयच घेत नाही. हुमणी काय असते ते तुम्हाला माहीतच आहे, भुंगेऱ्याची पांढरी अळी, डोकं तांबूस, मातीत मुडपून पडलेली असते, मुळं खाते, वर्षाला एकच पिढी. झालं, आता मुद्द्याचं बोलू.

निम्म्या लोकांचा प्रश्न असा असतो की भाऊ, कोल्हापूर-सांगलीकडचा एक व्हिडिओ पाहिला, तेच औषध तेवढंच आपल्या विदर्भातल्या सोयाबीनला चालेल का? अरे बाबा, तिकडे उसात नदीकाठची हुमणी असते, ती जात वेगळी. आपल्याकडे कमी पावसाच्या, हलक्या जमिनीत जी सापडते ती बहुतेक माळावरची. तिचे भुंगेरे वळवाच्या नाहीतर मिरगाच्या चांगल्या पावसानंतर दिवस मावळला की जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात, पाला खातात आणि उजाडायच्या आत परत मातीत.

आणि आपला विदर्भ तरी एकसारखा कुठे आहे? बुलडाण्याकडे पाऊस 700-800 मिलिमीटर, गडचिरोलीत 1300 च्या वर. तिकडे धानाच्या बांधीत पाणी साचून राहतं, त्यात हुमणी टिकत नाही, पण त्याच बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर असली तर तिथे मात्र खणून पाहा. म्हणून जिल्ह्याचं नाव सांगून "आमच्याकडे येईल का" विचारू नका, एका गावात, एका वावरातसुद्धा फरक पडतो.

आमच्या काकाचं वावर अर्धं बरड, अर्धं काळं. एका सालची सोयाबीन बरडात टापूटापूने पिवळी पडली होती, झाड धरून ओढलं की अलगद हातात यायचं, खाली तंतुमुळं गायब, फक्त सोटमुळाचा कुरतडलेला बुडखा. आणि जिथून काळी माती सुरू होते तिथून पीक हिरवंगार, बियाणं तेच, पेरणीही एकाच दिवसाची. काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते, चिकट होते, आतली हवा कमी होते, अळीला सरकायला जड जातं. बरड, मुरमाड जमीन भुसभुशीत, पाणी साचत नाही, मुळापाशी हवा खेळती. उधईचंही, म्हणजे वाळवीचंही, बरंचसं तसंच आहे, काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, तिच्यात उधईची घरं नीट टिकत नाहीत, म्हणून वारुळं तुम्हाला माळावर, मुरमाडात जास्त दिसतील.

आता ओलीचं ऐका, कारण सगळं इथेच अडतं. मादी अंडी घालते ती ओलसर मातीत, आणि अंडं मातीतलं पाणी शोषून फुगतं तेव्हाच पुढे वाढतं. माती कोरडी पडली तर अंडी सुकतात, पाणी साचून राहिलं तर गुदमरतात. म्हणजे पहिल्या पावसानंतर तुमच्या वावरात ओल कशी टिकली यावरच ऑगस्टमधलं नुकसान बरंचसं ठरून जातं.

दुसरं, अळी ओलीच्या मागे जाते. पावसाचा खंड पडला, वरची माती तापली की ती खाली उतरते. मग लोक वरवर उकरतात आणि म्हणतात हुमणी गेली. गेली नाही हो, खाली बसली आहे!

तिसरं, औषधाचंही तेच. वरची चार बोटं माती कोरडी, अळी वीतभर खाली आणि तुम्ही दाणेदार औषध वर फेकून मोकळे, ते पोचणार कसं? मेटारायझियम वापरता, चांगलं करता, पण ती जिवंत बुरशी आहे, तिला ओल पाहिजे आणि कडक ऊन सोसत नाही. कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना, मातीत गाडून द्या. खंडात दुपारी फेकलेली बुरशी वाया जाते, आणि त्यात शेतकऱ्याचा पैसा जातो याचं मला फार वाईट वाटतं.

एका दादाने विचारलं, भुंगेरे कडुनिंबावर बसतात तर धुऱ्यावरचे कडुनिंब तोडून टाकू का? नका तोडू, हात जोडतो! भुंगेरा एकाच ठिकाणी गोळा होऊन सापडतो ते हेच झाड. पाऊस पडल्यावर पहिले तीन-चार दिवस सांजच्याला फांद्या हलवा, खाली ताडपत्री अंथरा, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. आणि हे एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या वावरातले उडून तुमच्याकडे येतात, म्हणून सारा शिवार मिळून करा.

शेणखताच्या ढिगातल्या अळीचे फोटोही खूप येतात. ती जमिनीवर ठेवून पाहा, पाठीवर सरकत चालली तर ती बहुतेक कुजलेलं खाणारी दुसरीच अळी आहे. हुमणी तशी पाठीवर चालत नाही.

आता कमेंटमध्ये नुसता अळीचा फोटो टाकू नका. फूटभर लांब, फूटभर रुंद खड्डा खणा आणि लिहा की जमीन बरड का काळी, पहिला मोठा पाऊस कोणत्या तारखेला पडला, ओल किती खोल लागली आणि अळी किती खोलीवर, किती सापडल्या. एवढं लिहिलं तर ज्याच्या त्याच्या वावराचं उत्तर देता येईल.