मेडन कॅसल: एकाच रेघेवरचे तट

[दृश्य: ड्रोनमधून टेकडी, कलती उन्हं]

इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या डॉर्चेस्टर गावाबाहेरची ही टेकडी. नाव कॅसल, पण वर ना वाडा, ना बुरूज. आहेत ते खडूच्या दगडाचे, गवताने झाकलेले तट. ते बघायचे तर सकाळी नाहीतर संध्याकाळी. भर दुपारी सावली नसते आणि चढउतार कळत नाहीत.

माथ्यावरून आडवा जाणारा हा बुटका उंचवटा सहज ओलांडला जातो. इथे मात्र थांबा. इ.स.पू. ३६०० च्या सुमारास नवाश्मयुगीन लोकांनी टेकडीच्या पूर्व भागाभोवती दोन चर खणले, मध्ये मध्ये जागा सोडून. ते बुजले. तीन हजार वर्षांनी, इ.स.पू. ६०० च्या आसपास, लोहयुगातल्या लोकांनी जवळपास त्याच रेघेवर तट घातला. आत १६ एकर. पुढे इ.स.पू. ४५० च्या सुमारास किल्ला पश्चिमेकडे वाढून ४७ एकरांचा झाला आणि जुना पश्चिम तट आतच राहिला. तोच हा उंचवटा.

[दृश्य: खंदकाचा तळ]

खंदकातून निघालेला खडू वर रचला की तट. पण खडू पाणी पितो, थंडीत ते गोठतं, दगड फुटतो आणि खंदक भरत जातो. म्हणून पुन्हा पुन्हा उपसायचा, उपसलेलं तटावर चढवायचं. तट उंचावत गेले ते असे.

[दृश्य: पूर्वेचा दरवाजा]

पूर्वेला शेजारी शेजारी दोन दरवाजे. आपल्या गोमुखी दरवाजासारखीच इथली वाट सरळ आत शिरत नाही, तटांमधून वळत जाते आणि येणारा गोफणीच्या माऱ्यात सापडतो. आपल्याकडे जोंधळ्याच्या राखणीला फिरते तशीच गोफण. दरवाजाजवळच्या एकाच खड्ड्यात २०,००० हून अधिक गोटे निघाले, समुद्रकाठचे, गुळगुळीत, मुठीत मावणारे.

मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ इथे उत्खनन केलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया विद्यार्थिदशेत इथेच खणायला शिकले. दरवाजापाशी जखमांच्या खुणा असलेले सांगाडे निघाले, तेव्हा व्हीलर म्हणाले, ही इ.स. ४३ च्या रोमन हल्ल्यातली कत्तल. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन कालमापनाने ते खोडून काढलं: माणसं मारली गेली हे खरं, पण एका दिवसात नव्हे. हे मृत्यू काही पिढ्यांमध्ये विखुरलेले आहेत, बरेचसे रोमन येण्याआधीचे.

रोमन काळात वस्ती खाली डॉर्चेस्टरला गेली. चौथ्या शतकाच्या अखेरीस मात्र कुणीतरी पुन्हा वर चढलं आणि जुन्या तटाच्या आत एक लहान चौकोनी देऊळ बांधलं. त्याचा पाया आजही गवतात दिसतो.